जुन्या इंजिनातला अनोळखी आवाज: आधी केव्हा, मग किती वेगाने, शेवटी कुठून

इंजिनाचा आवाज बदलला की बहुतेक जण आधी बोनेट उघडून कान लावतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. इंजिन म्हणजे धातूचा एक मोठा ठोकळा. त्याच्या एका कोपऱ्यातली ठकठक सगळीकडे पसरते, बोनेटवर आपटून परत येते, आणि डावीकडे सैल झालेला पार्ट उजवीकडे वाजतोय असं हमखास वाटतं. म्हणून 'आवाज कुठून येतोय' हा प्रश्न शेवटी विचारायचा. तो केव्हा येतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचा मेळ कसा बसतो, एवढं आधी कळलं तर शोधायची जागा फार थोडी उरते. बरेचसे आवाज तर पाना हातात घेण्याआधीच ओळखू येतात.

पुढची पद्धत प्रामुख्याने चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीची आहे. डिझेलमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी: इंजिन चालू ठेवायचं की नाही

पहिलं काम ऑइलचं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरेल. डिपस्टिक पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग बाहेर काढून वाचा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांमध्ये साधारण १ लिटरचं अंतर असतं. ऑइल खालच्या खुणेखाली असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल पाव-पाव लिटर करत भरा आणि दर वेळी मोजा. 'थोडं जास्त असू दे' हा विचार इथे महागात पडतो. पातळी फार वर गेली की फिरता क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा मुख्य दांडा) ऑइलमध्ये आपटतो, ऑइलला फेस येतो आणि त्या हवेमुळे हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग) वाजायला लागतात. एक आवाज घालवायला निघालो आणि दुसरा आणला, असा प्रकार.

ऑइलचा लाल दिवा पेटला नाही म्हणजे प्रेशर ठीक आहे, असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तो दिवा प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच पेटतो. तोवर बेअरिंगची उपासमार सुरू झालेली असते.

आवाज जड, खोल, 'ठक-ठक' असा असेल, इंजिन तापल्यावर आणि रेस दिल्यावर वाढत असेल, किंवा त्याच्या जोडीला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन जागेवर बंद करा. 'गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो' म्हणू नका, टो करून न्या. कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलेलं असेल तर तेवढ्याच अंतरात क्रँकवर ओरखडे पडतात, आणि रॉड तुटला तर तो थेट ब्लॉक फोडून बाहेर येतो.

तपासणी मोकळ्या हवेत करा, बंद शेडमध्ये नाही, कारण एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला. बाह्या वर, ओढणी-मफलर बाजूला, केस बांधलेले, हातात सैल मोजे नकोत. रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हे नवखे नेहमी विसरतात.

पायरी १: आवाज केव्हा येतो

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने बोनेट उघडून ऐकायचं. सुरुवातीच्या दहा सेकंदांत इंजिन जे सांगतं ते दिवसभरात पुन्हा सांगत नाही, त्यामुळे मोबाइलवर रेकॉर्डिंग आधीपासून सुरू ठेवा.

सुरू होताच दोन-तीन सेकंद खडखड होऊन शांतता पसरली, तर ऑइल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतोय. कारण बहुधा साधं असतं: ऑइल फिल्टरमध्ये ऑइल मागे न सोडणारी एक रबरी झडप असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती नीट बसत नाही आणि रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. चांगला फिल्टर टाकून बघा. तीच खडखड इंजिनाच्या पुढच्या कव्हरमधून, म्हणजे टायमिंग चेनच्या (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणाऱ्या साखळीच्या) बाजूने येत असेल आणि जास्त वेळ टिकत असेल, तर मात्र चेन ताणली गेली आहे किंवा तिला ताणून धरणारा हायड्रॉलिक टेन्शनर प्रेशर धरत नाही. ही गोष्ट पुढे ढकलू नका. चेनने एखादा दाता चुकवला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

थंड असताना पोकळ 'टप-टप' आणि पाच-सात मिनिटांत गायब, हे पिस्टन स्लॅपचं लक्षण. झिजलेला पिस्टन थंड असताना सिलिंडरमध्ये सैल असतो, तो तापून फुगला की बसतो. पिस्टन पूर्ण शांत होत असेल आणि ऑइल खात नसेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या जोडाची) गळतीही अगदी असंच वागते: थंड असताना 'टिक-टिक', मॅनिफोल्ड तापून पसरला की फट बंद. त्यामुळे तिला पिस्टन किंवा टॅपेट समजून इंजिन उघडल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये भरपूर सापडतात. मॅनिफोल्ड आणि हेडच्या (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) सांध्यावर काजळीचा काळा पट्टा दिसतो का ते बॅटरीच्या उजेडात बघा. मॅनिफोल्डचा एखादा स्टड तुटलेला किंवा नट गायब असेल तर प्रश्नच मिटला.

याउलट थंड असताना शांत आणि तापल्यावर वाजणारं इंजिन जास्त काळजीचं. तापलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंगमधली झीज उघडी पडते.

आता गाडी चालवून बघायचे दोन प्रयोग. पहिला: सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगाने जात असताना एक गिअर खाली-वर करा आणि वेग तोच ठेवा. गिअरबरोबर आवाजाची पट्टी बदलली तर तो इंजिनाचा. वेग तोच असताना आवाजही तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग, टायर किंवा डिफरन्शिअल बघा, इंजिनाला उगाच दोष देऊ नका. चालत्या गाडीत इंजिन बंद करून बघण्याचा प्रयोग मात्र कधीच नको. ब्रेकची मदत जाते, आणि चावी मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

दुसरा प्रयोग उभ्या गाडीत, क्लचचा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर आणि पेडल दाबताच शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण यातून एक अख्खी दिशा कटते.

चढावर, वरच्या गिअरमध्ये, फेरे कमी असताना अॅक्सिलरेटर दाबला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खुळखुळ ऐकू आली, तर ती नॉकिंग. इथे कुठलाही पार्ट सैल नसतो. ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि त्याचा धक्का धातूवर वाजतो. लगेच खालचा गिअर टाका. नंतर बघायचं ते असं: पेट्रोलचा ऑक्टेन मॅन्युअलप्रमाणे आहे का, इंजिन जास्त तापतंय का, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे सरकलंय का, पिस्टनवर कार्बन साचलाय का, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) बंद पडलाय का. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत टायमिंग लाइटने, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने, तपासा. बहुतेक गाड्यांत त्या वेळी डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करावं लागतं, नाहीतर वाचन चुकतं. अशीच नॉकिंग चालू देत गाडी चालवली तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

पायरी २: आवाजाचा ताल मोजा

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एकच फेरा फिरतो. ८०० आरपीएमच्या (मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या) आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, क्रँक सेकंदाला साधारण १३ फेरे फिरतो आणि कॅम साडेसहा. म्हणून व्हॉल्व्ह, टॅपेट, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा तरफेसारखा भाग), कॅमवर चालणारा मेकॅनिकल फ्युएल पंप आणि एकाच सिलिंडरची एक्झॉस्ट गळती हे सगळे सेकंदाला सहा-सात वेळा वाजतात. क्रँकची पुली, फ्लायव्हील वगैरे क्रँकच्या वेगाने, म्हणजे दुप्पट.

सेकंदाला तेरा टोले कानाने मोजता येत नाहीत. रेकॉर्डिंग पाव वेगाने वाजवा, म्हणजे एक सेकंदाचा आवाज चार सेकंद चालेल आणि सेकंदाला तीन-सव्वातीन टोले की दीड-पावणेदोन, हे बोटाने टेबलावर ताल धरून सहज कळेल. दुसरी युक्ती टायमिंग लाइटची. त्याचा चिमटा कुठल्याही एका प्लगच्या वायरला लावा; तो प्लग बहुतेक जुन्या इंजिनांत क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी देतो, म्हणून दिवाही तेवढ्याच वेळा लुकलुकतो. ज्या गाडीत एक कॉइल दोन प्लगना एकदम ठिणगी देते तिथे दिवा दुप्पट वेगाने लुकलुकेल, हे लक्षात ठेवा. आवाज लुकलुकीच्या तालावर पडत असेल तर तो अर्ध्या वेगाचा. एका लुकलुकीत दोनदा वाजत असेल तर क्रँकच्या वेगाचा.

यावर आंधळा भरवसा ठेवू नका. रॉडचं बेअरिंग फक्त पॉवर स्ट्रोकला जोरात वाजलं तर तेही अर्ध्या वेगाचं भासतं. ताल हा सुगावा आहे, पुरावा नाही. आणि आवाज कशाच्याच तालात बसत नसेल, सलग घुंई, किंचाळी किंवा गुरगुर असेल, तर तो जवळजवळ नेहमी बेल्टवर फिरणाऱ्या सामानातून येतो.

पायरी ३: बेल्ट काढून इंजिन वाजवा

नवख्याने आधी शिकावी अशी ही तपासणी. अल्टरनेटर, वॉटर पंप, स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला नुसती दिशा देणारी) पुली, एवढी सगळी मंडळी एका फटक्यात यादीतून जातात किंवा यादीत पक्की होतात.

आधी बेल्ट जागेवर असतानाच पाण्याचा प्रयोग करा. इंजिन आयडलिंगला ठेवून, हात लांब ठेवून, स्प्रे बाटलीने बेल्टच्या आतल्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा. चिवचिव काही सेकंद बंद होऊन परत आली तर एखादी पुली रेषेत नाही. आवाज लगेच वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे. बेल्टवर मारायचे जे 'आवाज बंद' स्प्रे मिळतात ते घेऊ नका. त्यांचा चिकटपणा धूळ धरतो, आणि खरं कारण झाकलं जातं.

मग बेल्ट काढा. काढण्याआधी त्याची वाट कागदावर काढून ठेवा किंवा फोटो घ्या. सर्पिल बेल्ट उलटसुलट फिरतो आणि तो परत बसवताना चांगल्या-चांगल्यांची फजिती होते. इंजिन सुरू करून २० ते ३० सेकंद ऐका आणि बंद करा. बॅटरीचा दिवा पेटेल, तो साहजिक आहे. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर पाणी फिरत नाही, म्हणून एक मिनिटाच्या वर चालवू नका. हे सगळं बाहेरच्या बेल्टबद्दल आहे. कव्हरच्या आतल्या टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही.

आवाज गेला? मग इंजिन बंद असताना एकेक पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत आणि जवळजवळ मुकं असतं. कोरडं झालेलं बेअरिंग खरखरतं आणि बोटांना वाळू असल्यासारखं लागतं. टेन्शनर किंवा आयडलर हाताने ढकलल्यावर बराच वेळ सुळसुळ फिरत राहिला तर त्यातलं ग्रीस संपलंय. वॉटर पंपाची पुली वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला किंवा पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंटचे ओघळ सुकलेले दिसले तर पंप बदलायचाच. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावं म्हणून. ते बुजवू नका.

पुली चांगल्या वाटल्या तरी लोड देऊन ऐकावं लागतं, कारण काही बेअरिंग फक्त ओझ्याखाली रडतात. बेल्ट परत चढवा. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर घुंई वाढली तर अल्टरनेटर. स्टिअरिंग वळवताना कण्हल्यासारखा आवाज आला तर पंपातलं ऑइल कमी आहे किंवा त्याला फेस आलाय. एसी सुरू होताना एकदा 'टक' होणं हा त्याच्या क्लचचा नेहमीचा आवाज.

जुन्या व्ही-बेल्टचा ताण सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबून बघतात. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून ताठ केलात तर बेल्ट शांत होईल, पण अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग काही महिन्यांत वाजायला लागतील.

पायरी ४: कान जागेपर्यंत पोहोचवा

बेल्ट काढूनही आवाज राहिला, म्हणजे इंजिनाच्या अंगाशी गाठ आहे. आता मेकॅनिकचा स्टेथोस्कोप कामी येतो. तो नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर: टोक धातूवर, मूठ कानाच्या पुढच्या हाडावर. फिरत्या भागापासून टोक लांब ठेवा, नेहमी स्थिर बॉडीवर टेकवा. रॉकर कव्हर, हेड, ब्लॉकची बाजू, सम्प, पुढचं कव्हर, असं वरून खाली या. प्रत्येक सिलिंडरसमोर तीच उंची, तोच दाब. शोधायचं ते 'आवाज आहे का' एवढंच नाही, कारण सगळीकडे काही ना काही वाजतच असतं. चारांपैकी कोणता वेगळा वाजतो ते शोधायचं. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर टिकटिकतात, चारही सारखे टिकटिकत असतील तर ठीक. एखादा मुका असेल तर तोच दोषी.

हवेच्या आवाजाला दांडा चालत नाही. फुसफुस, शीळ, 'सूं' अशा आवाजासाठी हातभर रबरी नळी घ्या, एक तोंड कानाशी, दुसरं सांध्यांवरून फिरवा. गळतीच्या तोंडाशी नळी आली की आवाज एकदम कानात घुसतो. आयडलिंग वर-खाली होत असेल आणि शीळ असेल तर इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची (ब्रेकला मदत करणाऱ्या डब्याची) नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या झडपेची) नळी बघा. जुन्या रबराला वाकवल्यावरच भेग दिसते. खात्रीसाठी सांध्यावर साबणाचं पाणी मारा. ते आत ओढलं गेलं की आवाज आणि आरपीएम क्षणभर बदलतात. काही जण कार्ब्युरेटर क्लीनर मारतात. तो ज्वलनशील आहे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच तापलेला असतो, तेव्हा ते नकोच.

खाली एक्झॉस्टच्या बाजूला पातळ पत्र्याच्या हीट शील्ड असतात. ठरावीक आरपीएमला झणझण, वर-खाली केलं की गायब, असं असेल तर बहुधा तीच. इंजिन पूर्ण थंड असताना रबरी हातोडीने किंवा मुठीने ठोकत जा. सैल शील्ड लगेच बोलते, आणि एक मोठा स्टीलचा होज क्लिप तिला गप्प करतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यावर) ठोकल्यावर आत खडे वाजले तर त्यातली जाळी फुटली आहे. ते तुकडे पुढे जाऊन सायलेन्सर तुंबवतात.

पायरी ५: वरची टिकटिक

ताल अर्ध्या वेगाचा, आवाज रॉकर कव्हरवर सर्वांत स्पष्ट, हलका आणि कोरडा, तर टॅपेट. आधी मॅन्युअलमध्ये बघा की ते हायड्रॉलिक आहेत की अॅडजस्ट करायचे.

हायड्रॉलिक असतील तर सुरू झाल्यावर काही सेकंद वाजणं चालतं. वाजतच राहिले तर ऑइल आणि फिल्टर बदलून, इंजिन तापवून, काही मिनिटं २५०० आरपीएमच्या आसपास धरून ठेवा. आत अडकलेली हवा निघून जाते. तरी एकच वाजत राहिला तर तो बदला.

अॅडजस्ट करायचे असतील तर मॅन्युअलमधली फट आणि इंजिन थंड हवं की गरम, दोन्ही वाचा. अनेक जुन्या इंजिनांत ही फट ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या दरम्यान असते आणि एक्झॉस्टची बहुधा इनटेकपेक्षा थोडी जास्त. प्लग काढून ठेवले तर क्रँक पान्याने हलका फिरतो. तो नेहमीच्या दिशेनेच फिरवा. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्हच्या नेहमीच्या इंजिनाला नऊचा हिशोब लागू पडतो: व्हॉल्व्हना पुढून १ ते ८ क्रमांक द्या, जो पूर्ण उघडलेला आहे त्याचा क्रमांक ९ मधून वजा करा, जो आकडा येईल तो व्हॉल्व्ह सेट करा. आठवा उघडा तर पहिला, सहावा उघडा तर तिसरा. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित अडत सरकला पाहिजे. लॉक नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. ही दुसरी मोजणी टाळल्यामुळेच बहुतेकांचे टॅपेट परत वाजतात.

सेटिंग बरोबर असूनही एकच वाजत असेल तर त्या रॉकरचं टोक बघा. झिजून तिथे खळगा पडलेला असतो, सपाट गेज खळग्यावर पुलासारखा बसतो आणि खरी फट दिसते त्यापेक्षा मोठी असते. रॉकर बदलावा लागतो.

आणि आवाज घालवायच्या नादात फट कमी ठेवू नका. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः बंद असताना सीटला देतो. फट कमी पडली की तो पूर्ण बसत नाही, आणि कडा जळते. हलकी टिकटिक करणारं इंजिन अगदी मुक्या इंजिनापेक्षा बरं.

पायरी ६: खालची ठकठक, एकेक सिलिंडर बंद करून

ठकठक खालून, सम्पच्या उंचीवर जोरात ऐकू येत असेल, पण ऑइल आणि प्रेशर ठीक असेल (प्रेशर गेजने मोजायची रीत शेवटी आहे), तर थोड्या वेळासाठी ही तपासणी करता येते. आयडलिंगला एका सिलिंडरचं काम बंद करायचं. इंजेक्शनच्या गाडीत त्या इंजेक्टरचा कनेक्टर काढणं सर्वांत स्वच्छ. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन बंद करून त्या प्लगची वायर काढा, तिच्यात जादा प्लग बसवून तो इंजिनाच्या बॉडीला पक्का टेकवा, मग सुरू करा. वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवली तर ठिणगी कॉइलचं इन्सुलेशन फोडते. दर वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नको, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतं.

एका ठरावीक सिलिंडरला बंद केल्यावर ठकठक बरीच कमी झाली तर त्याच रॉडचं बिग एंड (क्रँककडच्या टोकाचं) बेअरिंग. ठोका एकाचे दोन झाले तर पिस्टनची पिन (पिस्टन रॉडला जोडणारी). काहीच फरक पडला नाही तर वाजणारी वस्तू स्फोटाच्या दाबाखाली नाही, म्हणजे वरचा व्हॉल्व्हचा भाग किंवा बाहेरचं काहीतरी. रॉड बेअरिंगची आणखी एक खूण: २५०० आरपीएमपर्यंत नेऊन अॅक्सिलरेटर सावकाश सोडताना ते सर्वांत स्पष्ट वाजतं, कारण तेव्हा रॉडवरचा दाब ओढण्यात बदलतो. मेन बेअरिंगचा आवाज याहून खोल, लोडखाली धपधप असा.

डिझेलला सिलिंडर बंद करायची जुनी रीत म्हणजे इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करणं. ती फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनासाठी, आणि तिथेही डोळ्यांवर चष्मा हवा. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) हे कधीही करू नका. तिथे दाब १००० बारच्या वर जातो आणि बारीक फवारा कातडी फोडून आत शिरतो.

'इंजिन गेलं' म्हणण्याआधी

खालची ठकठक ऐकून इंजिन उतरवण्याआधी पाच सोंगाडे तपासा. क्रँक पुलीचा मधला बोल्ट सैल. पुलीतल्या दोन कड्यांमधलं रबर सुटलेलं (पुलीवर खडूने आतून बाहेर एक रेघ मारा, इंजिन चालवून बंद करा, रेघ तुटली तर रबर सुटलंय). ऑटोमॅटिक गाडीत फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) तडकलेली किंवा तिचे बोल्ट सैल. कॅमवरचा मेकॅनिकल फ्युएल पंप, ज्याच्या दांड्याची स्प्रिंग मोडली की अगदी रॉडसारखा ठोकतो. आणि सैल प्लग: तो 'फस-फस' करत टक-टक करतो, शेजारी काळे ओघळ दिसतात. अॅल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटरचा, वॉशर असलेला प्लग साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात. आट्यांवर जोर करू नका, इंजिन थंड असताना आधी हाताने फिरवा.

शिवाय इंजिन माउंटिंग बसलं असेल तर गिअर टाकताना किंवा सोडताना एकच 'धाड' येते, ताल नसतो. आयडलिंगला इंजिन किती झुलतं ते बाजूने उभं राहून बघा. गाडीसमोर कोणीही उभं राहायचं नाही.

हे सगळं स्वच्छ निघालं तर दोन खऱ्या मोजण्या उरतात. ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाचा. मॅन्युअलचा आकडा अंतिम, पण ढोबळ हिशोब दर १००० आरपीएमला १० पीएसआय असा. आवाज आहे आणि तापल्यावर प्रेशर याहून बरंच खाली आहे, तर बेअरिंगचा संशय पक्का. मग ऑइल गाळून घ्या आणि फिल्टर उघडा. हॅकसॉ वापरू नका, तिचाच कीस आत पडतो आणि काय कुठलं ते कळत नाही. फिल्टर कटरने कापा. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे कॅम, चेन, रिंग, लायनर. न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस चकचकीत पापुद्रे बेअरिंगच्या थराचे. ते दिसले की चावी काढून ठेवा. इंजिन खोलेपर्यंत त्याला पुन्हा स्टार्टर मारू नका, 'शेवटचं एकदा ऐकू या' म्हणूनही नाही.